प्रवासाचा पैसा आणि जमिनीचा कागद : कांजूरमार्गच्या निमित्तानें

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार पहिली आगगाडी केव्हां सुटली, ट्राम केव्हां बंद झाली, मोटारबस केव्हां आली, या तारखा कटाक्षानें देतात. त्या गाडीचा पैसा कोणीं दिला, कोणत्या शर्तीवर दिला, आणि तोटा आल्यास तो कोणाच्या माथीं बसावयाचा होता, हें मात्र क्वचितच सांगतात. वस्तुतः या प्रश्नांचीं उत्तरें सनदा, करारनामे, पट्टे व दानपत्रें यांत लिहिलेलीं असतात. म्हणजे ज्या प्रकारचे कागद जमविणें व वाचणें हें आमच्या वाचकांचें नित्याचें काम आहे, त्याच प्रकारच्या कागदांत.

शहरांतील वाहतुकीसाठीं पैसा उभा करण्याच्या नव्या युक्त्या हा विषय सध्यां नगररचनाकार व अर्थशास्त्रज्ञ यांच्यांत मोठ्या हिरिरीनें चर्चिला जातो. आमचें म्हणणें असें कीं, यांतील बहुतेक युक्त्या मुंबई बेट व साष्टी येथें फार पूर्वींच वापरून झाल्या आहेत, आणि प्रत्येक युक्तीचें यश तिच्या मागच्या कागदाच्या स्वच्छपणावर अवलंबून राहिलें आहे. जेथें कागद स्वच्छ होता तेथें व्यवहार, तो लोकांच्या हिताचा असो वा नसो, ठरल्याप्रमाणें तडीस गेला. जेथें कागद गुंतागुंतीचा होता तेथें फुकट मिळालेली वस्तूही महाग पडली. कांजूरमार्ग येथील मेट्रो रेल्वेच्या आगाराचें प्रकरण हें याचें ताजें उदाहरण होय. म्हणून प्रथम त्या स्थळाचें पूर्ववृत्त, नंतर पैसा उभारण्याचे जुने चार प्रकार, आणि शेवटीं हें प्रकरण, या क्रमानें विवेचन करितों.

कांजूर हा साष्टी बेटाच्या पूर्व अंगाचा गांव. विक्रोळी व भांडुप यांच्या दरम्यान तो येतो. पश्चिमेस पवईच्या टेकड्या, पूर्वेस ठाण्याची खाडी, आणि मध्यें जुना आग्रा रस्ता व आगगाडीचे रूळ, अशी त्याची रचना आहे. रुळांच्या पूर्वेकडील जमीन मूळची भरतीच्या पाण्याची. तींत बांध घालून मिठागरें केलेलीं होतीं. अशा खार जमिनीचा हक्क डोंगरी किंवा भातशेतीच्या जमिनीच्या हक्कापेक्षां निराळ्या रीतीनें ठरतो. कारण समुद्र कोठें संपला व जमीन कोठें सुरू झाली हेंच येथें दर पिढीस बदलतें. बांध फुटला कीं शेताची खाडी होते, आणि बांध घातला कीं खाडीचें आगर होतें.

या भागावर लागोपाठ चार राजवटींचे कागद पडले आहेत. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांनीं गांवें आपल्या सरदारांस वार्षिक खंडावर लावून दिलीं. त्या खंडाचें पोर्तुगीज नांव फोरो. त्यावरून झालेला फोरास हा शब्द मुंबईच्या एका रस्त्याच्या नांवांत अजून टिकून आहे. १७३७ ते १७३९ या काळांत मराठ्यांनीं साष्टी व वसई जिंकली आणि मोडी दप्तर सुरू झालें. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. कंपनी सरकारनेंही गांवें पट्ट्यानें देण्याची रीत चालू ठेविली. कांजूरच्या शेजारची पवई १७९९ सालीं डॉ. हेलेनस स्कॉट यास सालीना ३,२०० रुपये भाड्यानें दिली होती. त्यानंतर ती सरकारजमा झाली आणि पुढें फ्रामजी कावसजी या प्रसिद्ध पारशी गृहस्थाकडे गेली. तात्पर्य, या पट्टींतील कोणत्याही शेताचा आजचा सातबारा हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवून आतां पैशाकडे वळूं.

पहिला प्रकार दानाचा. मुंबई बेट व साष्टी यांमधील शीव येथील बांध गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दींत सरकारनें बांधला. पश्चिमेकडील माहीम-वांद्रें हा बांध मात्र सरकारच्या पैशानें झाला नाहीं. त्यासाठीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं एकंदर १,५७,००० रुपये दिले, आणि १८४५ सालीं तो वाहतुकीस खुला झाला. या दानास एक शर्त जोडलेली होती, ती अशी कीं, या वाटेवर सरकारनें टोल घेऊं नये. दान आणि शर्त हीं एकाच कागदांत आल्यामुळें त्या वाटेचा खर्च पुढच्या वाटसरूवर पडला नाहीं. याच्या उलट रीत दीडशें वर्षांनंतर दिसून येते. शहरांतील ५५ उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठीं मुंबईच्या वेशीवर टोलनाकीं बसविण्यांत आलीं. त्यांतील मुलुंडचें नाकें कांजूरपासून फार दूर नाहीं. हलक्या मोटारगाड्यांस तेथील टोल माफ झाला तो १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून. टोल माफ होतो तेव्हां खर्च नाहींसा होत नाहीं. तो वाटसरूच्या खिशांतून निघून सरकारी तिजोरीवर बसतो, इतकेंच.

दुसरा प्रकार हमीचा, आणि याचा आरंभ तर कांजूरच्या वेशीवरच झाला असें म्हणतां येईल. मुंबई सरकारचा मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क हा १८४३ सालीं भांडुप येथें गेला असतां मुंबईहून ठाणें, कल्याण व तेथून घाटांकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यास प्रथम सुचली, असें रेल्वेच्या इतिहासांत नमूद आहे. पुढें जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या मंडळींनीं त्या कल्पनेचा पाठपुरावा केला. १८४९ च्या ऑगस्टमध्यें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची कायद्यानें स्थापना झाली, आणि त्याच महिन्यांत तिचा ईस्ट इंडिया कंपनीशीं करार झाला. ठरलेलें भांडवल पांच लक्ष पौंड. रेल्वेस लागणारी जमीन ९९ वर्षांसाठीं मोफत. भागीदारांस दरसाल शेंकडा ५ व्याजाची हमी. उत्पन्न कमी पडल्यास उणीव सरकारनें भरावयाची. हिशेब साधा आहे : पांच लक्ष पौंडांवर वर्षास २५,००० पौंड, मग गाड्या रिकाम्या जावोत कीं भरून जावोत.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती कांजूरच्या मिठागरांना लागूनच. डब्यांतल्या चारशें पाहुण्यांपैकीं कितींच्या मनांत हा विचार आला असेल कीं, आपल्या पायांखालची जमीन फुकट दिलेली आहे आणि आपल्या तिकिटांत जें कमी पडेल तें दख्खनचा शेतकरी सारा भरून पुरें करणार आहे? या पद्धतीवर पुढें पुष्कळ टीका झाली व ती योग्यही होती. कारण तोट्याची भीति नसल्यामुळें खर्चास आवर राहिला नाहीं. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें एक गोष्ट मान्य केली पाहिजे. करार निःसंदिग्ध होता. जमीन कोण देणार, तोटा कोण सोसणार, सरकारनें रेल्वे विकत केव्हां घ्यावयाची, हें सर्व त्यांत आधींच लिहून ठेविलें होतें. त्याप्रमाणें १९०० सालीं सरकारनें ती रेल्वे विकत घेतली. लोकांस तो व्यवहार महाग पडला, पण लोहमार्ग एक दिवसही कोणाची मालकी ठरवावयाची म्हणून थांबला नाहीं.

तिसरा प्रकार मक्त्याचा. जकात किंवा नदीवरील उताराचें उत्पन्न मक्त्यानें देणें ही मराठी अमदानींतील परिचयाची रीत होती. ट्रामचा व्यवहार त्याच जातीचा. ९ मे १८७४ रोजीं मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. रस्ता शहराचा, रूळ व घोडे कंपनीचे, भाडें उतारूंचें, अशी वांटणी होती. म्युनिसिपालिटीनें स्वतःचें भांडवल न गुंतवितां आपल्याकडील एकच वस्तु दिली, ती म्हणजे रस्ता वापरण्याचा हक्क. १९०५ सालच्या करारानें ही ट्राम व विजेचा पुरवठा हीं दोन्ही कामें एका नव्या कंपनीकडे आलीं. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम धांवली व १५ जुलै १९२६ रोजीं मोटारबस. मूळ करारांत म्युनिसिपालिटीस कांहीं मुदतीनें सर्व कारभार विकत घेण्याचा हक्क राखून ठेविलेला होता. त्या हक्काच्या बळावर बरोबर ४२ वर्षांनीं, ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, हा सर्व पसारा शहराच्या मालकीचा झाला. देशास स्वातंत्र्य मिळण्याच्या आठच दिवस आधीं ही घटना घडली. पण तिचें बीज बेचाळीस वर्षांपूर्वींच्या एका कलमांत होतें.

चौथा प्रकार याच पसाऱ्यांतून निघाला, तो म्हणजे एका खात्याच्या नफ्यावर दुसरें खातें पोसणें. बेस्टचा वीजपुरवठा कुलाब्यापासून माहीम व शीवपर्यंतच्या शहरांत आहे, तर तिच्या बसगाड्या त्यापलीकडे उपनगरांतही जातात. कित्येक दशकें बसगाड्यांची तूट विजेच्या उत्पन्नांतून भरून निघत असे. कांजूर-भांडुपकडे वीज येते ती महावितरणची. म्हणजे कांजूरच्या उतारूनें बसमध्यें जें कमी भाडें दिलें त्याची भरपाई गिरगांव-परळच्या घरांतील विजेच्या बिलानें केली. यांत अन्याय आहे कीं शहरांतील परस्परांचें साहाय्य आहे, याविषयीं मतभेद संभवतो. विजेच्या २००३ सालच्या कायद्यानंतर तो मतभेद कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेला, ही सोय हळूहळू आटली, आणि बेस्टला महापालिकेच्या अनुदानाकडे पाहावें लागलें. ९ मे २०२५ पासून साध्या बसचें किमान भाडें ५ रुपयांवरून १० रुपये झालें, हा त्याच आटण्याचा परिणाम होय. येथेंही बोध तोच : ही सोय दीर्घकाळ चालली ती संवयीनें, प्रश्न विचारला गेला तेव्हां तिच्या पाठीशीं पुरेसा भक्कम कागद नव्हता.

आतां हल्लींच्या युक्त्या पाहूं. वर्सोवा-घाटकोपर हा ८ जून २०१४ रोजीं सुरू झालेला पहिला मेट्रो मार्ग खासगी कंपनीच्या भागीदारीनें बांधला. तो मक्त्याचाच नवा अवतार होय. आरे ते कफ परेड या तिसऱ्या मार्गास जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेचें मोठें कर्ज आहे, आणि त्याच्या फेडीची जबाबदारी अखेर सरकारवर असल्यामुळें तो हमीचा प्रकार आहे. यांहून खरोखर निराळी अशी युक्ति एकच. रेल्वे आल्यानें आसपासच्या जमिनीचें मोल वाढतें; तें वाढलेलें मोल सर्वस्वीं जमीनमालकाच्या पदरांत न टाकतां त्यांतील हिस्सा रेल्वेसाठीं घ्यावा, हें तिचें तत्त्व. जपानांत ओसाकाजवळ १९१० सालीं सुरू झालेल्या एका रेल्वेचे चालक कोबायाशी इचिझो यांनीं रुळांच्या कडेची जमीन घेऊन तीवर घरें बांधून हप्त्यानें विकलीं व त्या नफ्यावर रेल्वे पोसली. हाँगकाँगनें तेंच सरकारी रीतीनें केलें. पॅरिस येथें १९७१ पासून मालकवर्गावर नोकरांच्या पगाराच्या प्रमाणांत वाहतुकीचा कर बसला. तेथें लाभ जमिनीऐवजीं मजुरीवर मोजला. महाराष्ट्र सरकारनें महत्त्वाच्या शहरी वाहतूक योजनांसाठीं विकासशुल्क वाढविण्याची कायद्यांत तरतूद केली. आणि १ एप्रिल २०२२ पासून मुंबईंत मालमत्तेच्या खरेदीवर मुद्रांकशुल्काशिवाय शेंकडा १ असा मेट्रोचा अधिभार घेतला जातो. कांजूर येथें आज घर घेणारा मनुष्य अशा रीतीनें स्वतः मेट्रोंत न बसतांही तिचा वर्गणीदार होतो.

सारांश, सध्यांचा सर्व हिशेब जमिनीवर येऊन ठेपला आहे. म्हणूनच कांजूरमार्गच्या आगाराचें प्रकरण केवळ स्थानिक तंटा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

तें असें. तिसऱ्या मार्गाच्या गाड्यांसाठीं आरे येथें आगार ठरलें होतें. २०१९ च्या ऑक्टोबरांत तेथें झाडें तोडल्यावरून मोठा क्षोभ झाला. पुढें सरकार बदललें, आणि ११ ऑक्टोबर २०२० रोजीं तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं आगार कांजूरमार्ग येथें नेण्याचें जाहीर केलें. त्यापूर्वीं जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमानें कांजूर येथील १०२ एकर जमीन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोंपविण्यांत आली होती. जमीन सरकारी, सबब मोल शून्य, असा हिशेब लोकांपुढें मांडण्यांत आला. परंतु ही जमीन मिठागरांची. केंद्र सरकारच्या मीठखात्यानें ती आपली असल्याचें सांगितलें. मिठागरांच्या जुन्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांच्या आधारें खासगी मंडळीही हक्क सांगूं लागलीं. १६ डिसेंबर २०२० रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमास स्थगिती दिली आणि जमिनीवरील काम थांबलें.

एवढ्यावरच हें संपलें नाहीं. त्याच २०२० सालीं एका खासगी संस्थेनें कांजूर येथील सुमारें सहा हजार एकर जमिनीविषयीं न्यायालयाकडून तडजोडीचा हुकूमनामा मिळविला होता. सहा हजार एकर म्हणजे सुमारें २४ चौरस किलोमीटर. आगाराची वादग्रस्त जमीनही त्यांत येत होती. हा हुकूमनामा फसवणुकीनें मिळविलेला असल्याचें ठरवून उच्च न्यायालयानें तो २०२२ च्या जूनमध्यें रद्द केला. दरम्यान राज्यांत पुन्हां सत्तांतर होऊन तिसऱ्या मार्गाचें आगार परत आरे येथें गेलें, तेथेंच पुरें झालें, आणि तो मार्ग ९ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत चालूं लागला. कांजूरच्या जमिनीपैकीं सुमारें १५ हेक्टर २०२३ सालीं लोखंडवाला-विक्रोळी या सहाव्या मार्गाच्या आगारासाठीं देण्यांत आली. तिसऱ्या मार्गाचा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. अखेरचा खर्च ३७,००० कोटींच्या वर गेला. या वाढीस अनेक कारणें आहेत, व त्यांत विलंब हेंही एक आहे.

यावर कोणी असें म्हणेल कीं, हा सर्व खेळ राजकारणाचा. केंद्रांत एक पक्ष व राज्यांत दुसरा असल्यामुळें वाद चिघळला, त्यांत जुन्या कागदांचा काय संबंध? पक्षभेदानें वादास धार आली हें आम्ही नाकारीत नाहीं. पण धार लावण्यास मुळांत पातें असावें लागतें. मीठ हा विषय केंद्राचा, जमीन हा विषय राज्याचा. आणि मिठागराची जमीन या दोहोंपैकीं कोणाची, याचें उत्तर मीठखात्याच्या जुन्या नोंदी, १८९० च्या मीठकायद्याखालचे परवाने, मूळ पट्टे व मोजणीचे नकाशे यांतूनच निघणार. तें उत्तर आधींच निघालेलें असतें, तर कोणत्याही पक्षास त्या जमिनीवरून झगडतां आलें नसतें. आरेची जमीन राज्याच्या दुग्धखात्याची. तेथील वाद झाडांचा होता, मालकीचा नव्हता. झाडांचा वाद हलका होता असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि मालकीचा कागद निर्विवाद असल्यामुळें अखेर आगार तेथें उभें राहूं शकलें, हें नजरेआड करून चालणार नाहीं.

शून्य मोल या शब्दांतही एक भूल आहे. १८४९ सालीं जमीन मोफत दिली तेव्हांही ती कोणाची तरी होती, आणि तिचें मोल कोणाच्या तरी नांवें खर्चीं पडलें. कांजूरच्या खार जमिनी भरतीचें व पावसाचें पाणी आपल्यांत सामावून घेतात. त्या भरून टाकल्या तर तें पाणी दुसरीकडे जाणार, व त्याचा खर्च शेजारच्या वस्त्यांस सोसावा लागणार. म्हणून जमिनीच्या बळावर वाहतुकीचा पैसा उभा करूं पाहणाऱ्यांनीं तीन गोष्टी आधीं लिहून काढाव्या : जमीन कोणाची, तिचें खरें मोल किती, आणि तें मोल घेतल्यावर तोटा कोणाच्या वांट्यास जाणार. आवाबाईंच्या दानपत्रांत, रेल्वेच्या करारांत व ट्रामच्या करारांत या प्रश्नांचीं उत्तरें होतीं. दीडशें वर्षांनंतरच्या आपल्या पिढीनें त्याहून कमी दक्षता दाखवावी, हें शोभत नाहीं.

राहतां राहिलें आमच्या वाचकांचें कर्तव्य. साष्टींतील खोत, मिठागरांचे मक्तेदार, आगरी व कोळी घराणीं, ख्रिस्ती पाडे, पारशी कुटुंबें, यांच्या घरीं अजून जुने कागद आहेत. मोडींतील पावत्या व कबुलायती आहेत, मिठाच्या परवान्यांच्या नकला आहेत, बांधाच्या दुरुस्तीचे हिशेब आहेत. संग्राहक मंडळी सामान्यतः राजमुद्रा असलेला कागद उचलतात आणि बांधाच्या मातीचा हिशेब रद्दींत जाऊं देतात. परंतु कोणत्या सालीं कोणी कोणत्या बांधास माती घातली, हीच नोंद खार जमिनीच्या वहिवाटीचा उत्तम पुरावा असते. अशा कागदांची यादी करावी, त्यांतील गांवांचीं व आगरांचीं नांवें नकाशावर लावून पाहावीं, मूळ कागद मालकाकडेच ठेवून त्याची नक्कल एखाद्या संस्थेच्या दप्तरांत ठेवावी, आणि कागद कोठून मिळाला हें त्यावर न चुकतां लिहावें. कारण ठिकाण हरवलेल्या कागदाची किंमत पुराव्याच्या दृष्टीनें निम्म्यानें कमी होते. मुंबई बेट व साष्टी यांच्या पूर्व किनाऱ्यावर वडाळ्यापासून मुलुंडपर्यंत अशा मिठागरांची मोठी पट्टी आहे, आणि कांजूरला जो प्रश्न पडला तो त्या पट्टींत पुढेंही पडत राहणार. त्या वेळीं वाचतां येतील असे कागद हातीं असावे, एवढ्याच हेतूनें हें टिपण वाचकांपुढें ठेविलें आहे.